जोडून की तोडून

माझ्या नावाचा अर्थ, ज्याचा शत्रू जन्मालाच आलेला नाही असा. हे नाव मिरवत मी आजवर तीन जणांचे दात पाडलेत, एकाचं मनगट मोडलंय, बापाच्या कानशिलात पितळी तांब्या घातलाय आणि सात महिन्यांच्या गरोदर बायकोवर हात उचललाय. हे शेवटचं लिहिताना लाज वाटते. पण ते सांगायलाच बसलोय, तर आधीच सांगून टाकलेलं बरं.

अजातशत्रू. राजाचं नाव आहे, आणि एका नव्हे, दोन राजांचं. एक काशीचा. शहाणा माणूस. शिकवायला आलेल्या पंडितालाच त्यानं चार गोष्टी शिकवून परत पाठवलं म्हणे. दुसरा मगधाचा. वडिलांनी मला लहानपणी काशीचा राजा शंभरदा सांगितला असेल. मगधाच्या राजाचा त्यांनी कधी विषय काढला नाही, आणि का काढला नाही हे कळायला मला चौतीस वर्षं लागली.

वडील गावच्या हायस्कुलात संस्कृत शिकवायचे. आमचं गाव अंबडपासून एसटीनं तासाभरावर. माझं बारसं त्यांनी थाटात केलं. अंबडच्या बाजारातून एकावन्न स्टीलचे ग्लास आणले, प्रत्येकावर माझं नाव टाकून. भांड्यावर नाव कोरण्याला आमच्याकडं नाव टाकणं म्हणतात. ग्लास पंगतीत वाटले गेले, आणि एका म्हाताऱ्यानं आपला ग्लास डोळ्यांजवळ नेऊन सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "अजात. शत्रू." अक्षरांच्या मधे चांगली बोटभर जागा होती. म्हातारा म्हणाला, "मास्तर, अजात म्हंजे बिगरजातीचा का? अन् शत्रू कुणाचा म्हणायचा, तुमचाच का?" सगळी पंगत हसली. वडीलही हसले म्हणतात, पण पंगतीपुरतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ते अंबडला गेले. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून नावं टाकणारा एक माणूस होता. डाव्या हातात छिन्नी धरायची, उजव्या हातानं बारीक हातोडी मारत टिंबाला टिंब जोडून अक्षर काढायचं, असं ते काम. वडिलांनी त्याला बखोटीला धरून उठवलं, मधे जागा सोडून आपल्या पोराच्या नावाची माती केली म्हणून शिव्या दिल्या आणि त्याच्या डाव्या हाताचं छिन्नी धरायचं बोट उलटं वाकवलं. मोडेपर्यंत वाकवलं. बघणाऱ्यांनी सांगितलं, आवाज आला. वडील मात्र ही गोष्ट घरी अभिमानानं सांगायचे, शुद्धलेखन शिकवल्यासारखी. मी ती ऐकतच मोठा झालो.

घरीही ते शिकवायचे. समासाचा विग्रह करायला लावायचे. "अजातशत्रू. विग्रह सांग." मी म्हणायचो, ज्याचा शत्रू जन्मलेला नाही असा तो. "समास?" बहुव्रीही. चुकलं तर छडी. बरोबर आलं पण आवाज बारीक निघाला तरी छडी. त्यांनीच एकदा सांगितलं होतं की विग्रह म्हणजे शब्दाची फोड, आणि संस्कृतात विग्रह म्हणजे लढाईसुद्धा. आमच्या घरात दोन्ही विग्रह रोज चालायचे. पहिला माझ्याशी, दुसरा मायशी.

मायला मारायला त्यांना कारण लागायचं नाही. भाजीत मीठ कमी, उंबऱ्यात चप्पल आडवी, शेजारणीशी जास्त वेळ बोलली, काहीही चालायचं. डाव्या मुठीत तिचे केस धरायचे आणि उजव्या हातानं मारायचं, अशी त्यांची पद्धत होती. त्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, पांढऱ्या डागांची एक कमान होती. लहानपणी मी विचारलं तर म्हणाले, कुत्रं चावलं होतं. माय तेव्हा चुलीपाशी होती आणि तिनं वर बघितलं नाही.

शाळेत माझं शत्र्या झालं. एवढं मोठं राजाचं नाव पोरांनी अर्ध्यात मोडलं आणि नेमका नको तो अर्धा ठेवला. "शत्र्या आला रे, पळा." पाचवीत असताना एकाला मी दगडानं मारलं, त्याचे पुढचे दोन दात पडले. हेडमास्तरांनी वडिलांना बोलावलं. वडिलांनी सगळ्या वर्गासमोर मला बडवलं आणि वर विचारलं, "नावाचा अर्थ काय तुझ्या?" तोंडात रक्त होतं, तरी मी बरोबर उत्तर दिलं.

सतराव्या वर्षीची गोष्ट. रविवार होता, दुपारचे बारा वाजले असतील. माय परातीत पीठ मळत होती. पोळ्यांना उशीर झाला म्हणून वडिलांनी तिच्या हातावर लाटणं मारलं. एकदा नाही, तीनदा, एकाच जागी. तिसऱ्या वेळी तिचं मनगट ज्या प्रकारे लोंबलं ते बघून माझं डोकं फिरलं. शेजारी पितळेचा तांब्या होता, पाण्यानं काठोकाठ भरलेला. भरलेला तांब्या चांगला जड असतो. मी तो उचलला आणि त्यांच्या कानावर घातला. पाणी आणि रक्त एकदमच परातीत पडलं आणि पीठ लाल झालं. मी दुसऱ्यांदा उचलला, तर मायनं मोडक्या हातानं माझा पाय धरला.

वडील भिंतीला टेकून खाली बसले. कानाला हात लावला, हाताला लागलेलं रक्त पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं आता शिव्या देतील. ते अगदी शांतपणे म्हणाले, "आलास शेवटी."

वर्गात उशिरा आलेल्या पोराला म्हणावं तसं म्हणाले. मला काही कळलं नाही. मी अंगावरच्या कपड्यांनिशी बसस्टँडवर गेलो आणि अंबडच्या गाडीत बसलो. जायचं कुठं हा विचारच करावा लागला नाही. ज्याचं बोट बापानं मोडलं तो माणूस आपला, एवढंच डोक्यात होतं.

बाजारात सगळे त्यांना नाववाले मामा म्हणायचे. बौद्ध घरातले, सडसडीत, दर पौर्णिमेला पांढरा शर्ट घालून विहारात जाणारे. बोट वाकडंच बसलं होतं, छिन्नी धरता येत नव्हती, म्हणून ते आता विजेच्या मशीनवर नावं टाकायचे. मी समोर उभा राहून माझं नाव सांगितलं. त्यांनी मशीन बंद केलं आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुझं नाव मीच टाकलंय," ते म्हणाले, "एकावन्न ग्लासांवर." मग वाकडं बोट मांडीखाली घेऊन सरकून बसले आणि मला बसायला जागा करून दिली. त्या जागेवर मी अजून बसतो.

त्यांनी मला धंदा शिकवला आणि धंद्याचा एकच नियम शिकवला. "चिठ्ठीत हाय ते भांड्यावर. एक टिंब जादा न्हाई, एक टिंब कमी न्हाई. चूक वाटली तं आधी इचारायचं. इचारून मंग टाकायचं. स्टीलवरलं नाव खोडता येत न्हाई." गिऱ्हाईक चिठ्ठी देतं, त्यावर कुणाकडून कुणाला, काय निमित्त, ते लिहिलेलं असतं. लग्नसराईत तर सकाळपासून हात मुंग्या येईस्तोवर थरथरतो. मी नावं टाकत राहिलो आणि मधूनमधून हात चालवत राहिलो. बसस्टँडवर एकानं धक्का मारला, त्याचं मनगट गेलं. चहाच्या गाड्यावर एकानं शत्र्या म्हटलं, त्याचा दात गेला. मामा दर वेळी एवढंच म्हणायचे, "हाताला काम दे जादा." मी म्हणायचो, मी काय करू, बापाचं रक्त आहे.

लग्न तिशी उलटल्यावर झालं. बायको बदनापूरची, स्टेशनच्या अलीकडं तिचं माहेर. शिवणकाम करते आणि बोलायला फटकळ. पहिल्याच आठवड्यात म्हणाली, "तुमचं नाव उखाण्यात बसवायचं म्हंजे ट्रकात म्हैस चढवायची." मला हसू आलं होतं. मी तिला धंद्याचा नियमही मोठ्या तोऱ्यात सांगितला होता, चिठ्ठीत आहे ते भांड्यावर. ती म्हणाली, तुम्ही एवढंच बरं शिकलात. आमचं बरं चाललं होतं, हे मला आवर्जून सांगायचंय.

सातव्या महिन्यात तिचं डोहाळजेवण केलं. गल्लीतल्या बायका जमल्या, हिला हिरवी साडी, फुलांचे दागिने. बायका मागं लागल्या, नाव घे, नाव घे. नवऱ्याचं नाव एरवी तोंडानं घ्यायचं नाही, उखाण्यात घ्यायचं, हे ठरलेलंच. मी बाहेरच्या खोलीत होतो. ती म्हणाली:

"दावणीच्या गाईपाशी उभं वासरू,
माझ्याच ताटात जेवतो माझा शत्रू."

बायका पोट धरधरून हसल्या. मला ती पंगत आठवली. मी त्या पंगतीत बारा दिवसांचा होतो, मला काय आठवणार, पण आठवली खरी. बायका गेल्यावर मी आत गेलो. ती फुलं काढत होती, अजून हसतच होती, म्हणाली, "ऐकलं ना, कसं जमवलं." मी मारली. पूर्ण ताकदीनं, उघड्या तळव्यानं. तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं, भुवईच्या वर फुटलं आणि रक्त गालावरून हिरव्या साडीवर आलं. तिनं दोन्ही हात डोक्याला लावले नाहीत. पोटाला लावले.

तिची ती पोटावर धरलेली बोटं मी विसरू शकत नाही. रोज एकदा तरी दिसतात.

रडली नाही. तोंड धुतलं, पदर फाडून कपाळाला बांधला, पिशवी भरली. दारात थांबून म्हणाली, "पहिलं बाळंतपण माहेरी असतं. लोकांना तसंच सांगा. परत यायचं का न्हाई, ते मी सांगीन. हात उचलणाऱ्याच्या घरात मी लेकरू आणणार न्हाई." आणि बदनापूरला गेली.

लेकरू या घरात येणार की नाही, एवढाच प्रश्न उरला होता. मी चार दिवस जेवलो नाही, पाचव्या दिवशी मामांना सगळं सांगितलं. आणि सांगताना काय म्हणालो तर, "नावानं घात केला, मामा. तुम्ही मधे जागा सोडली, तेव्हापासून शत्रूच चिकटला."

मामांनी मशीन बंद केलं. "जागा मी सोडली?"

ते घरी गेले आणि तंबाखूची जुनी पत्र्याची डबी घेऊन आले. डबीत घडी घातलेली एक पिवळी चिठ्ठी होती. वडिलांचं अक्षर मी झोपेतही ओळखेन. शिरोरेषा अशी सरळ की पट्टी ठेवून ओढल्यासारखी. लिहिलं होतं, अजात. मग रेघ तुटली होती, जागा होती. मग शत्रू.

"मी इचारलं व्हतं," मामा म्हणाले. "मास्तर, हे जोडून की तोडून? म्हणले, लिहिलंय तसं. मी तसं टाकलं. लोक हसल्यावर कुणाचं तरी बोट मोडनारच व्हतं, माझं मोडलं. पोलिसात द्यायला म्हणून चिठ्ठी ठेवली. मंग घरातून म्हणले, मास्तरचं गाव अंगावर येईल, कशाला. ऱ्हायली डबीत."

मी म्हणालो, संस्कृतचा मास्तर अशी चूक करणार नाही. मामा म्हणाले, "चूक न्हाईच ती. आमच्या विहारात मगधाच्या राजाची गोष्ट सांगतेत. तुला म्हाईत हाय का?" मला माहीत नव्हती. त्यांनी तिथंच पायरीवर बसून सांगितली.

"मगधाची राणी गरोदर व्हती. तिला डोहाळे लागले ते नवऱ्याचं रगत प्यायचे. लाजेनं वाळत चालली. राजानं खोदून इचारलं तव्हा बोलली. त्यानं सोताचा हात चिरला अन् तिला रगत दिलं. जोतिषी म्हणले, पोटातलं हे लेकरू बापाला मारणार. तेच्यावरून नाव पडलं. जन्माच्या आधीचाच शत्रू. मोठा झाल्यावर त्यानं बापाला कोठडीत टाकलं, उपाशी ठेवलं. तरी मरंना, तं न्हाव्याकडून तळपाय चिरले अन् मीठ भरलं. मंग ज्या दिवशी ह्याला सोताला लेकरू झालं, त्या दिवशी ह्याला बाप कळला. सोडा म्हणला त्याला. माणसं कोठडीत गेली, तं बाप मेलेला."

मग त्यांनी वाकड्या बोटानं चिठ्ठीतली जागा दाखवली. "जोडून लिवलं तं ज्याला शत्रू न्हाई तो. तोडून लिवलं तं न जन्मलेला शत्रू. एवढ्या जागेचा फरक."

सतरा वर्षं हे मला का सांगितलं नाही, असं मी विचारलं. "तू मारायला बहाणा धुंडत फिरतोस. अजून एक कशाला देऊ? आज तूच सगळं नावावर घालून ऱ्हायलास, म्हणून काढली."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. अगदी मोकळं वाटलं. माझ्या बापानं मी पोटात असतानाच मला शत्रू ठरवलं होतं, त्याच्या हातची चिठ्ठी माझ्या खिशात होती. आता ती बायकोला दाखवायची आणि म्हणायचं, बघ, मी असा झालो तो ह्याच्यामुळं. पण त्याआधी म्हाताऱ्याच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. मी गावाकडची गाडी धरली.

वडिलांना दोन वर्षांपूर्वी लकवा झालाय. उजवी बाजू गेली. तेव्हापासून मायसाठी मी महिन्यातून एकदा जायचो, वडिलांशी बोलायचो नाही. त्या दिवशी माय अंगणात तूर पाखडत होती. मी सरळ विचारलं, "बाबांच्या हातावर चावलं ते कुत्रं कोणतं?"

तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "मीच. तू पोटात व्हतास, सातवा चालू व्हता. केस धरले अन् पोटात लाथ घालाया पाय उचलला. मंग मी हात धरून चावले. सोडलाच न्हाई. माझ्या तोंडात रगत आलं तरी सोडला न्हाई. लई दिवस चिघळला त्यांचा हात." मग म्हणाली, "तव्हापासून माझ्या पोटाकडं बघायचे न्हाईत ते."

सातवा महिना. माझ्या बायकोचाही सातवाच होता. मी मायला ते सांगितलं नाही, पण तिला बदनापूरहून कळलेलं होतं.

आत वडील बाजेवर होते. मी चिठ्ठी त्यांच्या डोळ्यांसमोर धरली. जीभ जड झालीय, पण बोलतात, आणि डोकं शाबूत आहे. त्यांनी वाचलं. आपलं अक्षर ओळखलं.

"जोडून की तोडून?" मी विचारलं.

त्यांचं अर्धं तोंड हसलं. "विग्रह सांग," म्हणाले.

माझा हात वर गेला. विचार करून नाही, आपोआप. आणि जन्मात पहिल्यांदा तो माणूस माझ्यासमोर आक्रसला. चांगला असलेला डावा हात त्यानं डोक्यावर घेतला, कोपर पुढं, मान आत. बाही खाली घसरली आणि मायच्या दातांची कमान माझ्यासमोर आली. ही मार चुकवायची पद्धत मी ओळखत होतो. मायची होती ती. तीस वर्षं समोर बघून त्यांना पाठ झाली असावी.

दारातून माय म्हणाली, "मारायचं तं मार. मी न्हाई धरत आज तुझा पाय. पण मंग सुनंच्या दारात जाऊ नको."

हात खाली आणायला मला फार वेळ लागला. आणला, आणि बाजेच्या कडेला बसलो. वडील कोपराआडून बघत होते. मग म्हणाले, "दोन्ही विग्रह बरोबर आहेत."

मी म्हणालो, ते व्याकरण मला नको. तुम्ही कोणता धरला होता?

एकेक शब्द ओढून काढत ते बोलले. "हात ठणकत होता. म्हणून चिठ्ठी तोडून लिहिली. घरी आलो. तू झोपला होतास. तुझ्याकडं बघून तेच नाव जोडून वाचलं." मग डोळे मिटून घेतले. "नंतर रोज वाट बघितली, कोणतं खरं होतं त्याची. तू तांब्या उचललास त्या दिवशी वाटलं, कळलं."

म्हणजे ते "आलास शेवटी" याच्यासाठी होतं. सतरा वर्षं हा माणूस मला मारत होता आणि वाट बघत होता की मी कधी उलटून मारतो. मला त्यांची कीव आली नाही. राग आला, आणि रागाचं काय करायचं ते सुचलं नाही. चिठ्ठी त्यांनी लिहिली होती. पण डोहाळजेवणाच्या दिवशी तो हात त्यांचा नव्हता, माझा होता. खिशात घालून आणलेला बहाणा निकामी झाला. मी त्यांना पाणी पाजलं, कारण माय तूर पाखडत होती, आणि संध्याकाळच्या आत अंबडला परतलो. मामांना चिठ्ठी परत दिली. त्यांनी ती डबीत ठेवली.

महिना उलटला, आणखी एक गेला. बायकोला मी फोनवर एवढंच म्हणालो की माझी चूक होती, नावाची नव्हती. ती म्हणाली, "बरं." मग मुलगी झाल्याचा फोन तिच्या भावाचा आला. बघायला येऊ का, असं विचारलं, तर निरोप आला की बारशाला या, आणि येताना एकावन्न वाट्या आणा, नाव टाकून. चिठ्ठी भावाकडं दिली आहे.

चिठ्ठीवर बायकोचं अक्षर. बारशानिमित्त, असं वर. खाली मुलीचं नाव, दोनच अक्षरांचं, अर्थ कुणाला विचारावा लागणार नाही असं. त्याखाली तिच्या आईचं नाव. संपलं. बापाच्या नावाची ओळ नव्हती.

नियम असा की चूक वाटली तर आधी विचारायचं. मी फोन लावला. "एक ओळ राह्यली का?"

"चिठ्ठीत आहे तेवढंच," ती म्हणाली. "तुमचाच नियम आहे ना?"

दुपारभर बसून मी एकावन्न वाट्यांवर नाव टाकलं. मुलीचं, तिच्या आईचं. खाली प्रत्येक वाटीवर माझ्या नावाला पुरेल एवढी जागा उरत होती. दहाव्या की बाराव्या वाटीला मशीन आपसूक त्या जागेकडं सरकलं. मी ते उचलून धरलं. मामा शेजारी होते, त्यांनी पाहिलं आणि पुढची वाटी माझ्याकडं सरकवली.

बदनापूरला अंगणात पाळणा बांधला होता. मी वाट्यांचं पोतं उतरवलं. बायकोनं एक वाटी काढली, नावावरून बोट फिरवलं, मग खालच्या कोऱ्या जागेवरून फिरवलं. तिच्या भुवईच्या वर पांढरी रेघ राहिलीय. बापाच्या हातावरच्या डागांच्याच रंगाची. तिनं वाटी परत पोत्यात ठेवली. मुलगी माझ्या हातात दिली नाही, पण मी वाकून बघितलं तर आडवी आली नाही.

पाळण्याची गाणी झाली, कानात नाव सांगून झालं. मग बायका मागं लागल्या. आता नाव घे गं. मागच्या वेळचं लई भारी घेतलं व्हतं म्हणे, तसंच घे. काही जणी आधीच हसायला लागल्या होत्या. मी भिंतीपाशी उभा होतो. मूठ वळलेली आहे हे मला माझं मलाच उशिरा कळलं. तिच्या लक्षात माझ्या आधी आलं. ती माझ्या मुठीकडं बघत होती.

"आज नाव न्हाई घेत," ती बायकांना म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. "वरीसभर हात बघते त्यांचा. मंग घेते."

कुणी हसलं नाही. सगळ्या बायका वळून माझ्या हाताकडं बघायला लागल्या, तिची आई, तिची वहिनी, शेजारच्या म्हाताऱ्या. लपवायला जागा नव्हती. मी मूठ उघडली, पोतं ओढून घेतलं आणि वाट्या वाटायला सुरुवात केली.